हल्लीच्या बॅटींना आवाज नाही

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

तू आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले. ज्या मामाने तुला पहिली बॅट आणून दिली, ज्याच्या घरी राहून तू शाळेची सारी वर्षे काढलीस आणि ज्याच्या दोन खिडक्यांच्या काचा तू जाणीवपूर्वक फोडल्यास, त्याला ही वार्ता बाजारभावांच्या शेजारच्या स्तंभात वाचावी लागली, ह्यात काही वावगे आहे असे तुला वाटत नसेल, तर मलाही वाटत नाही.

तुझ्या निवेदनाचे कात्रण सोबत परत पाठवीत आहे. लाल शाईतील दुरुस्त्या माझ्या आहेत. 'हा प्रवास अतिशय सुंदर होता' असे तू म्हणतेस. परंतु प्रवास कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, ह्याचा पत्ता वाचकाला लागत नाही. उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालविलेल्या माणसाच्या भाचीने असे वाक्य सही करून द्यावे, ह्याचे दुःख मला तुझ्या निवृत्तीपेक्षा किंचितच कमी आहे.

आता मुद्द्याचे बोलतो. तुझे वय एकतीस. गेल्या मालिकेत स्लिपमध्ये सर्वांत अधिक झेल तू घेतलेस. ह्या वयात खेळाडू निवृत्त होत नाही. त्याचे आत्ता कोठे बस्तान बसू लागलेले असते. लवकर निघून जाणाऱ्यांविषयी माझी जुनी तक्रार आहे, ती तुला ठाऊक आहे. आमच्या तरुणपणी एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. चेंडू जणू सल्ला विचारून वळवीत असे. तिसाव्या वर्षी तो गणिताचा शिक्षक झाला. त्यानंतरचा तो वेगवान गोलंदाज, ज्याने ऐन भरात खेळ सोडला आणि तू हल्ली राहतेस त्या शहरात रंगांचे दुकान थाटले. तुझ्या शालेय स्पर्धेसाठी तुला घेऊन तिकडे आलो असताना मी मुद्दाम त्या दुकानात गेलो होतो. विचारले, "इतक्या लवकर का?" त्यांनी विचारले, "कोणता रंग हवा?" मी डबा घेऊन परतलो. आमच्या व्हरांड्याचा हिरवा रंग तो हाच.

तुझ्या बाबतीत मात्र मी डबा घेऊन परतणार नाही. कड लागली हे तुझे तुला कळले की पंचाच्या बोटाकडे पाहायचे नाही, बॅट काखेत धरून चालू लागायचे, हे मीच तुला शिकविले. आपल्या घराचा तो शिरस्ता आहे. परंतु त्या शिरस्त्यात एक अट आहे, बाईसाहेब: आधी चेंडू बॅटला लागावा लागतो. आयुष्यभर पंचगिरी केलेला माणूस म्हणून सांगतो, तू बाद नव्हतीस. निवड समितीच्या अध्यक्षांनी मार्चअखेरपर्यंत तुझ्यासाठी दार उघडे ठेवले आहे असे छापून आले आहे. मागे फिर.

इकडचे क्षेम. रविवारच्या साखळी सामन्यांत मी नेहमीप्रमाणे उभा राहतो. एकच गोष्ट खटकते. हल्लीच्या बॅटींना आवाज नाही. पूर्वी कड लागली की 'टक्' असा स्वच्छ उच्चार होत असे. आता लाकूडच निकृष्ट येते. कारागिरी सगळीकडेच घसरली आहे. दाराची घंटा नुकतीच नवी बसविली, तीही अशक्त निघाली.

तुझा,
मामा

ता. क. — पाकीट मी बंद करते, म्हणून दोन ओळी माझ्या. घंटा चांगली खणखणीत आहे. काल पोस्टमन वाजवून वाजवून थकला आणि पत्र शेजाऱ्यांकडे देऊन गेला. हे दाराला पाठ टेकून वाचत बसले होते. तू नीट जेवतेस ना? क्रिकेट सोडलंस ते सोडलंस, झोप सोडू नकोस. — मामी


१३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (पूर्ण लिहिलं आहे. मागच्या वेळी 'सा. न.' लिहिलं तर पत्र परत आलं होतं.)

लाल शाई पोचली. प्रवास कोठून निघाला, हे वाचकाला कळत नसेल, पण तुम्हाला कळायला हवं. तुमच्या मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीपासून निघाला. दोरीवरचे तुमचे शर्ट म्हणजे समोरचा संघ, मामींचा गाऊन म्हणजे यष्टिरक्षक, आणि तुम्ही वहाण घातलेल्या पायाने आखलेली रेष म्हणजे क्रीज. झेल सुटला की तुम्ही म्हणायचात, "शर्टसुद्धा हसले बघ." कोठे पोचला, ते सध्या लिहीत नाही.

पण निवृत्तीबद्दल मला बोलतंय कोण? मामा, तुम्ही आयुष्यात कशातून तरी निवृत्त झाला आहात का? छापखाना बंद पडला त्या दिवशी कुलूप लावायला आलेल्या माणसाला "अजून एक प्रकरण तपासायचं आहे" म्हणून तुम्ही बाहेर उभं केलंत. तो बिचारा तुमच्यासाठी कंदील धरायला तयार झाला होता. वाचनालयाच्या समितीतून तुम्हाला काढायला त्यांना शेवटी समितीच बरखास्त करावी लागली. तुमच्याबरोबर पंच म्हणून उभे राहिलेले सगळे लोक आता नातवंडांचे सामने बघतात. तेव्हा आपण दोघं मिळून सरासरी काढली तर आपलं घराणं अगदी वेळेवर निवृत्त होतं.

कारण हवंच असेल तर गुडघा लिहून घ्या. गुडघा पसंत नसेल तर पाठ.

इथे दोन खोल्यांचं घर घेतलं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बॅगा रिकाम्या आहेत. सकाळी शाळेतल्या मुलींना झेल शिकवते आणि दुपारी भिंतींकडे बघत बसते, कारण भिंतींना रंग द्यायचा आहे. तुमच्या वेगवान गोलंदाजांचं दुकान बाजारात अजून आहे. तिथे जाईन म्हणते.

मामींना सांगा, जेवते आणि झोपते. दोन्ही भरपूर.

तुमची,
टिटवी


२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

गुडघा नामंजूर. तुझ्या अखेरच्या सामन्याचे चित्रण मी पुन्हा पाहिले. उजवीकडे झेपावून, जमिनीपासून बोटभर अंतरावर, त्यांच्या कप्तानाचा जो झेल तू घेतलास, तो घेताना ज्या गुडघ्याने साथ दिली तो गुडघा दुसऱ्या कोणाचा असल्यास त्याचे नाव कळव. पाठीलाही तेच उत्तर. त्या झेलाचे छायाचित्र मी कापून आरशाच्या कडेला खोचले आहे. दाढी करताना दिसते.

मग खरे कारण काय? मी तर्क केला. कप्तानाशी भांडण झाले असावे. परंतु तुझे भांडण झाले असते तर ते सीमारेषेच्या पलीकडे ऐकू आले असते. विवाहाचा विचार असेल तर त्यासाठी स्लिप सोडण्याचे प्रयोजन नाही. तुझी मामी माझ्याशी संसार करून संपूर्ण घर सांभाळते आणि ते काम अधिक कठीण आहे. शेवटी मी ह्या निष्कर्षाप्रत आलो की तू रुसली आहेस, आणि कोणी समजूत घालावी अशी वाट पाहत आहेस. म्हणून निवड समितीच्या अध्यक्षांना मी पत्र लिहिले. 'तिचे मन वळत आहे. थोडा अवधी द्यावा' असे त्यात नमूद केले. त्यांचे उत्तर आले. बाई सज्जन आहेत. संघातील तुझी जागा त्यांनी मार्चअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे आणि त्या माझ्या दूरध्वनीची वाट पाहणार आहेत. तेव्हा आता माझा शब्द पणाला लागला आहे, हे ध्यानात घे.

तुझ्यामुळे खेळाडूंवर किती वाईट परिणाम होत आहे, ह्याचे एक उदाहरण देतो. गेल्या रविवारी आमच्या साखळीत गंभीर बेशिस्त घडली. आपले दातांचे डॉक्टर फलंदाजी करीत होते आणि त्यांचे अर्धशतक अगदी हाताशी आले होते. चेंडू बॅटच्या बाजूने गेला, यष्टिरक्षकाने पकडला आणि सर्वांनी एकच गिल्ला केला. मला काहीही ऐकू आले नव्हते. मी निःसंदिग्धपणे 'नाबाद' असे म्हटले. त्यावर डॉक्टरांनी बॅट काखेत धरली आणि ते चालू लागले! मी हाक मारली, "डॉक्टर, निर्णय नाबाद आहे." ते मागे वळून म्हणाले, "निर्णय तुमचा आहे हो, पण बॅट माझी आहे."

पंचाच्या निर्णयाचा असा अवमान मी कधी पाहिला नव्हता. सारे मैदान निःशब्द होऊन माझ्याकडे पाहू लागले. डॉक्टरांच्या उद्धटपणामुळे सगळ्यांचीच वाचा बसली असावी. आमच्या क्रिकेट मंडळाचे चिटणीस तर बुटांची नाडी बांधू लागले, आणि त्यांनी चपला घातल्या होत्या.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी अंतिम सामना आहे. मीच उभा राहणार. शिस्त मला पुन्हा बसवावी लागेल.

तुझा,
मामा

ता. क. — डॉक्टर त्याच संध्याकाळी माफी मागायला घरी आले होते. हे म्हणाले, लेखी द्या. त्यांनी मुकाट्याने लिहून दिली. हे आता ती लाल शाईने दुरुस्त करत बसले आहेत. डॉक्टर जाताना दारात माझ्याशी जरा वेळ थांबले. काही बोलायचं होतं, बोलले नाहीत. तू बोलशील का? — मामी


२ मार्च

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार.

रुसले नाही. रुसले असते तर तुमच्याकडेच आले असते. रुसायला तेवढं चांगलं घर दुसरं नाही.

तुम्ही आरशाला खोचलेल्या झेलाबद्दलच लिहिते, कारण खरं कारण तोच आहे. जेवणानंतरचं पहिलं षटक होतं. चेंडू कड घेऊन आला, मी झेपावले, हातात बसला. सगळ्या मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या. आणि मामा, चेंडू हातात आला त्या क्षणी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला पिवळा द्यावा की पांढरा, याचा विचार करत होते. झेल माझ्या हातांनी घेतला. मी तिथे नव्हतेच. मुली हसत होत्या म्हणून मी हसले.

अंगणात झेल सुटला तर मी जेवत नसे, आठवतं? तुम्ही ताट घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसायचात. इथे इतका मोठा झेल घेतला आणि मला काहीच वाटलं नाही. सुटला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, हात चुकले, आणखी सराव करू. हात चुकत नाहीत. उद्या, परवा, कदाचित अजून चार वर्षं चुकणार नाहीत, आणि कोणालाही कळणार नाही. पंचाला ऐकू आलं नाही, कॅमेऱ्याला दिसलं नाही. पण बॅट माझी आहे. डॉक्टरांचं वाक्य उसनं घेते; तुमच्या गावात माझ्याशिवाय आणखी एकाला तुमचा शिरस्ता पाठ आहे, याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा होता.

रंगाच्या दुकानात जाऊन आले. तुमचे गोलंदाज आता पूर्ण टकले आहेत आणि डबे अजून त्याच झेपेने वरच्या फळीवरून काढतात. तुमची आठवण काढली. म्हणाले, "लांब बाह्यांचा शर्ट, खिशाला लाल पेन? आठवतात की." मी विचारलं, "त्यांना उत्तर का दिलं नाहीत?" ते म्हणाले, "त्यांना उत्तर नको होतं. त्यांना मी परत हवा होतो. तो मी दुकानात ठेवत नाही, म्हणून रंग विकला." मी पिवळा घेतला.

आता एक विचारते. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा. डॉक्टरांचा तो चेंडू कड घेऊन गेला हे यष्टिरक्षकाला कळलं, गोलंदाजाला कळलं, डॉक्टरांना कळलं, आणि बुटांच्या नसलेल्या नाड्या बांधणाऱ्या चिटणिसांनाही कळलं. बॅटींचं लाकूड बिघडलं, घंटा अशक्त निघाली, मामी हल्ली पुटपुटतात असं तुम्ही दिवाणखान्यात सगळ्यांना सांगता. मामा, सगळं जग ठरवून एकाच वर्षी हळू आवाजात बोलायला लागेल का?

तिथे कोणी तुम्हाला हे सांगणार नाही. ते तुम्हाला घाबरतात म्हणून नाही, तुमच्यावर जीव आहे म्हणून. डॉक्टरांनी स्वतःचं अर्धशतक सोडलं, पण तुमचा कान चुकला असं म्हणाले नाहीत.

निवड समितीला पुन्हा लिहाल तेव्हा माझं मन वळतंय असं लिहू नका. एवढा एक शब्द माझ्यासाठी मागे घ्या.

तुमची,
टिटवी


१९ मार्च

चि. टिटवी,

तुझ्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून घाबरली असशील. हे धडधाकट आहेत. तुझं पत्र वाचलं, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवलं. तेव्हापासून रोज लिहायला बसतात आणि कागद फाडतात. ह्यांनी कागद फाडलेला मी कधी पाहिला नव्हता; हे खोडतात, फाडत नाहीत. गेल्या रविवारी सामन्याला गेले नाहीत. सर्दी झाली म्हणून कळवलं. सर्दी कसली!

परवा दुपारी मी भाजी घेऊन आले, तर दार सताड उघडं आणि हे उंबऱ्यावर उभे. एक बोट घंटेवर, आणि मान आतल्या बाजूला कललेली. दाबत होते, ऐकत होते, पुन्हा दाबत होते. मी फाटकाशीच थांबले. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून वाकून म्हणाल्या, "अहो, कोण आलंय एवढं?" ह्यांना ते ऐकूच गेलं नाही. मग मी पिशवी खाली ठेवून, जवळ जाऊन विचारलं, "वाजतेय का?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोटाला कळते आहे."

तू लिहिलंस ते बरं केलंस. मला जमत नव्हतं. आता वाट बघ आणि लगेच दुसरं पत्र टाकू नकोस. ह्यांचं वाक्य लांब असतं, पण संपतं.

तुझी,
मामी


२८ मार्च

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. तुझ्या पत्रात एकही दुरुस्ती सापडली नाही, त्यामुळे ते परत पाठविण्यास सबब उरली नाही.

मी कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी मला काचेच्या एका लहानशा खोलीत बसविले, कानांवर जाड गोळे चढविले, हाती एक बटण दिले आणि आवाज येईल तेव्हा ते दाबा असे सांगितले. मी सावध होऊन बसलो. तपासणीस प्रारंभ कधी होतो ह्याची वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "झालं, आजोबा."

ह्याहून अधिक स्पष्ट निर्णय मी स्वतः कधी दिलेला नाही.

तेथून मी परस्पर चिटणिसांच्या औषधांच्या दुकानात गेलो आणि त्यांना सांगितले, "मी पंचगिरीतून निवृत्त होत आहे." त्यांनी हातातील बाटली खाली ठेवली आणि ते म्हणाले, "अहो मामा, इतक्या लवकर?" टिटवे, गेले दोन महिने हाच प्रश्न मी तुला विचारीत आहे, तो विचारताना माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे मात्र मी प्रथमच पाहिले. बोलताना त्यांच्या आवाजात दुःख होते; खांदे मात्र सुटकेने चांगले दोन बोटे खाली आले होते. तुला विचारताना माझे खांदे खाली आले नव्हते, एवढाच आपल्या दोन प्रकरणांत फरक आहे, आणि तो तू मान्य करावास.

मग ते आत गेले आणि मानचिन्ह घेऊन आले. लाकडी फळीवर पितळी पत्रा, त्यावर बोट वर केलेला पंच आणि माझे नाव. मी चकित झालो. निवृत्तीची इच्छा सांगून मला क्षणही लोटला नव्हता. सवयीने भिंग काढून पाहिले. वर्षाचा आकडा घासून पुन्हा कोरलेला होता. त्याच्याखाली त्याआधीच्या वर्षाचा आकडा पुसट दिसत होता, आणि त्याच्याहीखाली त्याआधीच्या. चिटणीस म्हणाले, "कोरणाऱ्याने चूक केली हो." मी म्हणालो, "काम सुबक आहे." भिंग खिशात ठेवले. ती भली माणसे इतकी वर्षे ते मानचिन्ह कपाटात ठेवून दर हंगामात गप्प राहिली. डॉक्टरांच्या बाबतीत त्या दिवशी सारे मैदान कोणाकडे आणि का पाहत होते, ह्याचा उलगडा मला तेथे, खोकल्याच्या औषधांसमोर उभे असताना झाला.

काल सकाळी निवड समितीच्या अध्यक्षांना दूरध्वनी केला. मामीने तो मोठ्या आवाजावर लावून दिला होता. त्यांनी विचारले, "काय मामा, वळलं का मन?" मी म्हणालो, "माझे पूर्वीचे वाक्य मागे घेतो. ती बाद आहे." त्या म्हणाल्या, "कोणी दिलं बाद?" मी म्हणालो, "तिनेच. बॅट तिच्या हातात होती." त्यावर त्या काही काळ गप्प राहिल्या; किंवा बोलल्याही असतील, ते मला ऐकू आले नाही. मामी सांगते की त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, जागा दुसरीला देते आहे, पण हात झटकून देत नाही."

तू लवकर गेलीस, हे माझे मत कायम आहे. ते माझ्याबरोबरच जाईल. परंतु मत हे मत असते आणि निर्णय हा ज्याचा त्याचा असतो, एवढा विवेक पंचाला असावा लागतो, भूतपूर्व असला तरी. आरशाच्या कडेचे छायाचित्र मी काढलेले नाही. तुझे हात उत्तम आले आहेत. चेहरा प्रथमच नीट पाहिला. तू खरोखरच दुसरीकडे पाहत आहेस.

अंतिम सामन्याला मंडळाकडे पंच नाही. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून दारामागे टांगला आहे. त्याच्या डाव्या खिशात मामीच्या जुन्या स्वेटरची सहा बटणे आहेत. प्रत्येक चेंडूला एक बटण उजव्या खिशात जाते. ती हरवू नयेत एवढीच अट.

तुझा,
मामा


२ एप्रिल

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पोचते. तुमचा कोट मला घोट्यापर्यंत येईल, म्हणून मामींना म्हणावं टाके घालून ठेवा. माझ्या दोन अटी आहेत. सीमारेषेवरून खाणाखुणा करायच्या नाहीत, आणि माझे निर्णय लाल शाईने परत पाठवायचे नाहीत.

पत्र वाचून स्वयंपाकघरात बराच वेळ बसले. भिंत पिवळी झाली आहे. रंग देताना मी पूर्ण वेळ तिथेच होते, मामा. दुसरा कसलाही विचार आला नाही.

तुमची,
टिटवी


१५ एप्रिल

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर शांत झाले असे म्हणण्याची पद्धत आहे. ते असत्य ठरेल. ऐकण्याचे यंत्र कानात बसविल्यापासून ह्या घरात इतका गोंगाट चालतो, ह्याची मला कल्पना नव्हती. शीतकपाट घोरते. माझ्याच वहाणा माझा पाठलाग करतात. मामी स्वयंपाक करताना गाते. ही नुकतीच गाऊ लागली आहे की इतकी वर्षे गात होती, हे विचारण्याचे मला धैर्य झालेले नाही. मी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसतो.

बॅटींचे लाकूड उत्तम आहे. माझे विधान मी मागे घेतो. डॉक्टरांची मी लेखी माफी मागितली. त्यांनी ती लाल शाईने दुरुस्त करून परत पाठविली. दुरुस्ती चुकीची आहे, परंतु दात त्यांच्या हाती असल्यामुळे मी वाद घातला नाही.

आता अंतिम सामन्याविषयी. तुझी अट मी पाळली. मी खाणाखुणा केल्या नाहीत आणि ह्या पत्राची शाई निळी आहे. तू बरी उभी राहिलीस. बटणे वेळेवर हलली. उन्हात कोट घालून, पापणी न लववता, प्रत्येक चेंडूला तू तेथे होतीस. मी चेहराही पाहत होतो. ज्या कामात तुला भिंतींचे रंग आठवत नाहीत असे निदान आणखी एक काम सापडले, असे मी समजतो. चिटणिसांनी पुढच्या हंगामाविषयी तुला विचारले, तेव्हा तू नकार दिला नाहीस, हे मी माझ्या नव्या कानांनी ऐकले आहे.

तथापि एक निर्णय. शेवटची जोडी खेळत होती, डॉक्टर फलंदाजीला समोर होते, झेलासाठी अपील झाले आणि तू 'नाबाद' दिलेस. टिटवे, मला सीमारेषेवर, झाडाखाली, खुर्चीत बसल्या जागी 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. तसा उच्चार मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी नकळत उठून उभा राहिलो. डॉक्टर जागचे हलले नाहीत, ह्याचे मला नवल वाटले. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्या निर्णयामुळे त्यांचा संघ जिंकला, हेही नमूद करतो.

वय लहान असले तरी कानांची तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरीणबाईंचा पत्ता सोबत जोडला आहे. पंचगिरीत योग्य वेळी निवृत्त होण्याचे महत्त्व मी तुला प्रत्यक्ष भेटीत समजावून सांगेन. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यानंतर, घाई नाही.

तुझा,
मामा

ता. क. — तो 'टक्' माझ्या चष्म्याच्या डबीचा होता. ऐन वेळी मी डबी मिटली आणि हे ताडकन उठले, बोट वर करून, सगळ्या मैदानात एकटेच. डोळे असे चमकत होते की मला सांगवेना. तूही सांगू नकोस. तेव्हापासून मी रोज दुपारी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून एकदा डबी मिटते. दर वेळी मान वळते. — मामी